त्याच्यावर पाणी सोड

१० जुलै, गुरुवार

पंपवाल्या कंपनीची डायरी दरवर्षी मिळते आणि दरवर्षी ती गिऱ्हाइकांचे फोन नंबर लिहून संपते. यंदा द्वारका म्हणाली, "झोपेत बडबडण्यापेक्षा जागेपणी लिहा. मला तरी झोप लागू द्या." बायकोने सांगितलेलं काम मी टाळत नाही. अर्धं वर्ष टाळलं, ते सोडा.

आज सुप्याहून एक जण मोटर घेऊन दुकानात आला. कॉइल जळली म्हणाला, दुसऱ्या मेकॅनिकने तसं सांगितलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीच्या अंगाला लावलं, मूठ कानाला लावली आणि म्हटलं, चालू कर. आत कोणी बारीक खडे चघळत असल्यासारखा आवाज. "कॉइल ठणठणीत हाय. बेअरिंग रडतंय," म्हटलं आणि उघडून दाखवलं. तो म्हणाला, "शेठ, कानांचा विमा काढा." म्हटलं, काढला असता, पण विमेवाले माझ्या माघारी काय बोलतात तेपण ऐकू येतं मला.

हे रशीद उस्तादांनी शिकवलं. सातवी नापास होऊन पारनेरला आलो तेव्हा त्यांनी तांब्याच्या तारेला हात लावू दिला नाही. नुसतं ऐकायला बसवलं. "हात सगळ्यांना असतात, सुऱ्या. कान कमवावे लागतात." आज रिवाइंडिंगचं दुकान आहे, पंपांची एजन्सी आहे, वर माळावर शेत आणि शेततळं आहे. कानांनी कमावलेलं सगळं.

या कानांचा एकच त्रास. 'करंट' हा शब्द. नीट ऐकला तर त्यात आमचा पोरगा करण पुरा आहे, शेवटी फक्त एक 'ट' चिकटलाय. कोणी तो शब्द सुरू केला की मी मान वर करतो, आणि मग तो 'ट' येतो. दुकानातल्या माणसांना हे कसं कळलं कोण जाणे. आता माझ्यासमोर सगळे 'लाईट' म्हणतात.

मागच्या कार्तिकात पुंजारामने त्याच्या मक्याला रानडुकरांसाठी उघडी तार ओढली आणि तीत करंट सोडला. आमचा बांध त्याच्या बांधाला लागून. करण पहाटे मोटर चालू करायला गेला होता.

एवढंच लिहवतं.

१७ जुलै, गुरुवार

गुरुवारी मी टेम्पोत टाकी घालून चाचीचे रांजण भरून येतो. चाची म्हणजे शरिफाबी, उस्तादांची बायको. गावाबाहेर दर्ग्याजवळच्या चिंचेखाली तिची खोली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी प्यावं म्हणून रांजण. गुरुवारी तिच्याकडे माणसं बसायला येतात. कोणाचं पोर खात नाही, कोणाची सून बोलत नाही. हिंदू येतात, मुसलमान येतात. ती धागा देत नाही, पाणी फुंकून देत नाही. "माझ्याकडं चहा हाय, बाबा," म्हणते, "आन् येळ हाय."

दात सगळे गेले, म्हणून पान लोखंडी खलबत्त्यात कुटून खाते. उजवं मनगट पूर्वी मोडलं ते वाकडंच बसलं, त्यामुळे ठोका ठरलेला पडतो. दोन सावकाश, तिसरा घाईत. मला चिंच दिसायच्या आधी तो ठोका ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर आठवड्यात तेवढा एकच आवाज बरा वाटतो.

आज रांजण भरून बसलो तर म्हणाली, "पुंजाराम आलता."

"कशाला?"

"बसला. रडला. चहा पिला, गेला."

"तुमी त्याला चहा दिला?"

"मग काय काढा देऊ?"

मला राग आला. तिला राग दाखवता येत नाही, लहानपणापासून भाकरी खाल्ली आहे तिची. म्हणून वाकड्यात शिरलो. म्हटलं, "चाची, उस्ताद खांबावर असताना ज्यानं सप्लाय चालू केला, त्या वायरमनला तुमी अजून ईदीला शीरखुर्मा धाडता. माफ कसं करता आलं तुमाला?"

तिने कुटणं थांबवलं. खरंच आठवत असल्यासारखी बघत राहिली.

"माफ कुठं केलं रे? मला दुसरी कामं हुती."

मी हसलो. ती नाही हसली. पानाचा गोळा गालात ठेवून म्हणाली, "तूपन किती दिस मुठीत धरून बसशील? हात दुखत्याल. त्याच्यावर पानी सोड आता, बेटा."

टाकी टेम्पोत चढवली आणि आलो. येताना गिअर बदलला की ते वाक्य, ब्रेक मारला की ते वाक्य.

२० जुलै

संध्याकाळी शेततळ्यावर गेलो. विहिरीतून पाणी उचलून तळं भरायला सुरुवात केली आहे. अजून अर्ध्याच्या खाली आहे. भरावावर उभं राहिलं की खालच्या अंगाला बरोबर पुंजारामचं घर. नजरेच्या रेषेत. पत्र्याचं, मागे ओढा. केस झाल्यापासून त्याची बायको पोरं घेऊन माहेरी गेली ती आली नाही. एकटा असतो. जामिनावर आहे, तारखा पडतात.

उभा राहून बघत होतो आणि चाचीचं वाक्य आलं. त्याच्यावर पाणी सोड.

मला हसूच आलं. मराठी मलाही कळते. तिला काय म्हणायचं होतं ते मला त्याच वेळी कळलं होतं. पण कानात शिरलेला शब्द कुठे जाऊन बसेल, हे कानाच्या हातात नसतं.

२९ जुलै

पुंजाराम दुकानात आला. म्हणजे रस्त्यापलीकडे उभा राहिला होता, मीच हाक मारली. पाण्यातली मोटर बंद पडली होती आणि दुसऱ्याकडे न्यायची त्याला लाज वाटली असणार. माझ्याकडे आणायची त्याहून जास्त. डोक्यावरून उतरवली नि खाली मान घालून उभा राहिला.

मी चहा सांगितला. मोटर स्वतः उघडली, सील बदलली, फिरवून ऐकली. म्हणाला, "शेठ, मी हितून जायचं म्हनतोय. रान वाट्यानं देतो आन् नगरला हमाली बघतो. तुमच्या डोळ्याम्होरं नको."

म्हटलं, "कशाला? घरदार सोडून कुटं जातोस? बायको-पोरं उद्या परत आली तर काय कुलूप बघत्याल? राहा गड्या. माझी हरकत न्हाई."

तो रडायला लागला. दुकानातली माणसं बघत होती. तो गेल्यावर शेजारचा खतवाला म्हणाला, "सूर्यभानशेठ, तुमच्यासारखं काळीज आमच्यात न्हाई." मी म्हटलं, काळीज सगळ्यांना असतं, कान कमवावे लागतात. सगळे हसले.

मोटर मी उत्तम दुरुस्त केली आहे. पाच वर्षं बघायला नको. त्याने इथेच राहावं, कामाला लागावं, रात्री आपल्या घरात झोपावं, असं मला मनापासून वाटतं.

द्वारकाला सांगितलं तर म्हणाली, "एवढं गोड कधीपासून बोलायला लागलात?"

५ ऑगस्ट

काम केलं.

लिहितोच. तळ्याला प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो, तो आहे तोवर भरावाची माती कोरडी. खालच्या अंगाला, पुंजारामच्या घराच्या रेषेत, कागदाला ब्लेड लावलं. पण आत्ताच्या पाण्याच्या बरंच वर. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाणी तिथे पोहोचलेलंच नाही. यंदा पाऊस झाला नाही, विहीर आटली, तर कधी पोहोचणारही नाही. पोहोचलं, तर माती भिजेल, भिजली तर बसेल, आणि बसली तर जायचं तिकडे जाईल. मी पाणी सोडलेलं नाही. मी फक्त वाट ठेवली आहे. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं, पावसाने, देवाने, चाचीच्या पिराने.

कोणी विचारलं तर घूस. माळावर घुशी भरपूर, सगळ्यांचे कागद कुरतडतात.

अंगठा कापला. प्लास्टिकवरून ब्लेड सटकलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चाचीकडे गर्दी नव्हती. रांजण भरून बसलो, मन हलकं होतं. महिनाभर तिच्याशी नीट बोललो नव्हतो, म्हणून म्हटलं, "चाची, तुमचं ऐकलं बरं का मी."

"काय ऐकलंस?"

"पाणी सोडतोय त्याच्यावर."

ठोका थांबला. दोन पडले, तिसरा पडलाच नाही.

"कुठलं पानी?"

"आता पाणी ते पाणी, चाची. माझं पाणी."

तिने माझा हात ओढून घेतला. पट्टी बांधलेला अंगठा इकडून बघितला, तिकडून बघितला. "ह्याला काय झालं?"

"पत्रा लागला."

"तू पत्र्याचं काम कवापास्नं करतुस?"

मी काहीतरी बोललो. ती अंगठा सोडत नव्हती. मग एकदम विचारते, "त्या पुंजारामचं घर तुझ्या तळ्याच्या खालच्या अंगाला हाय ना रे?"

"हाय. का?"

"काई न्हाई. आठवलं."

म्हातारी माणसं. कुठलं कुठे आठवतं. चहा न पाजता पाठवलं आज, हे मात्र पहिल्यांदाच झालं. विसरली असेल.

२० ऑगस्ट

हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

सकाळी कागद जोडायचं मशीन टेम्पोत टाकून वर गेलो होतो. कागद तापवून चिकटवायचं, घटकाभराचं काम. रात्री करण स्वप्नात आला होता, नुसता ओला होता. मनात आलं, पोराला पाण्याचं काय? तो तर तारेने गेला. मग हे पाणी कोणाचं? असलं काहीबाही. उठलो आणि मशीन काढलं.

तळ्यावर पोहोचलो तर खालून पुंजारामचा आवाज. बैलाला बोलत होता. "चल माझ्या राजा, चल माझ्या वाघा," असं काहीतरी. आवाज खूश होता. नऊ महिन्यांत त्याचा खूश आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मशीन टेम्पोतून उतरवलंच नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

रांजण भरायला गेलो तर चिंचेखाली ठोका नाही. खोलीला कडी. शेजारची मेहरीन धुणं वाळत घालत होती, ती चाचीच्या नात्यातली.

"चाची गावाला गेल्या," म्हणाली.

"कुठं?"

"भंडारदऱ्याला. भाचीकडं."

"कवा येनार?"

"सांगितलं न्हाई." आणि मान खाली घालून पिळलेला परकर परत पिळायला लागली.

रांजण भरले. खोलीच्या खिडकीतून सहज बघितलं तर खाट नाही, खलबत्ता नाही. भाचीकडे जाताना खलबत्ता नेला हे समजू शकतं, तिचं पान कोणाच्या खलबत्त्यात जमत नाही. पण एवढ्या लांब खाट घेऊन कोण जातं? म्हातारपणी माणूस आपल्या खाटेचा हट्टी होतो खरा. उस्तादही तसेच होते.

ती नाही ते एका परीने बरंच. समोर बसलं की ती अंगठ्याकडे बघते.

६ सप्टेंबर

शनिशिंगणापूरला एका लॉजची मोटर बसवायला गेलो होतो. जुन्या वस्तीत घरांना दारं नाहीत, चौकटी तेवढ्या. बाहेरून ताटं, गाद्या, झोपलेलं माणूस, सगळं दिसतं. इथले लोक चोराला भीत नाहीत, जे व्हायचं ते शनी बघून घेतो म्हणतात. मला ते आवडलं. आपण काही करायचं नाही, तो बघतो.

तेल वाहिलं. मागायला काही सुचलं नाही. त्याला सांगावं लागत नाही म्हणतात.

परत येताना नगरपासून पाऊस लागला.

१२ सप्टेंबर

पाऊस जोरात. विहिरीची मोटर बंद ठेवली तरी तळं आपोआप चढतंय. आज गेलो तेव्हा पाणी कापाच्या खाली वीतभर होतं. मी काहीच केलेलं नाही, नुसता बघून आलो.

जेवताना द्वारका म्हणाली, "पुंजारामकडं कोनीतरी म्हातारी राहायला आलीय म्हनं. पाटलाची सून सांगत हुती."

"त्याची सासू असंल. मुलीचं घर बघायला आली असंल."

"सासू मेली त्याची. तुमीच तर मयताला गेला हुता."

"मग मावशी असंल."

द्वारकाने ताट उचललं. बराच वेळ भांडी घासत होती, एकच भांडं घासत असल्यासारखी.

कोण म्हातारी असेल ती असेल. पाहुणी माणसं चार दिवस राहतात आणि जातात.

१९ सप्टेंबर

पाणी कापाला लागलं.

कान भरावाला लावून ऐकलं. वरून काही कळत नाही. माती पाणी पिताना आवाज करत नाही, भरली की करते.

दुकानात आज तीन जणांना हसवलं. खतवाला म्हणाला, शेठ आज रंगात आहेत.

२१ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. भरावाच्या पायथ्याला ओल फुटली आहे. स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसला, मूठ कानाला लावली. आत बशीतून चहा ओढल्यासारखा आवाज. बारीक, सतत.

उद्या होईल किंवा परवा.

ती म्हातारी गेली असेल तोवर. पाहुणी आहे. जाणारच.

२२ सप्टेंबर, सोमवार

तळ्यावरच्या मोटरीच्या खोलीत बसून लिहितो आहे. डायरी टेम्पोत होती. हात चिखलाचे आहेत, पान खराब होतंय. लिहिलं नाही तर ऐकत बसावं लागेल.

सकाळी आलो. पाऊस थांबला होता, सगळं गप्प होतं. पाऊस थांबल्यावर माळावर जे ऐकू येतं ते एरवी येत नाही. भरावावर उभा राहिलो तर खालून, पुंजारामच्या घरातून, ठोका आला.

दोन सावकाश. तिसरा घाईत.

मला वाटलं कान फसले. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं तसं. परत ऐकलं. दोन सावकाश, तिसरा घाईत. माझ्या हातातली छत्री कुठे गेली माहीत नाही. बांधावरून घसरत, कुपाटीतून, ओढ्यातून खाली गेलो. त्या घराच्या दारात मी कधी उभा राहिलो नव्हतो.

दार उघडंच होतं. समोर खाट, चाचीची खाट. ती वर मांडी घालून बसलेली, मांडीत खलबत्ता. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलास? लई उशीर केलास. पान खातोस?"

पुंजाराम चुलीपाशी होता. ताडकन उभा राहिला, पाट सरकवला, काय करावं ते त्याला सुचेना.

"चाची, चला," म्हटलं. "आत्ता. टेम्पो वर हाय."

"कशाला?"

"भराव ओला झालाय. जाईल म्हनतो. उठा."

"भरावाला काय झालं?" पुंजाराम म्हणाला.

"घुशी," मी म्हटलं. चाची माझ्याकडे बघत होती. आवाज नीट काढला मी, तरी तो मला परक्याच्या तोंडून आल्यासारखा ऐकू आला.

"पुंजाराम, तूपन निघ. बैल सोड. चल."

"ह्याला ने," चाची म्हणाली. "मी हितंच हाय. माझी खाट हितं हाय."

"चाची, पाया पडतो."

"पाया नगं पडू. तुझं पानी उतरस्तवर मी हितनं हलनार न्हाई. जा, तुझं पानी बघ."

मी उचलून न्यायला वाकलो, खरंच वाकलो. तिने माझा अंगठा धरला, तोच, आता नुसता पांढरा वण आहे. खालच्या आवाजात म्हणाली, मला एकट्याला ऐकू जाईल असं. पुंजाराम जवळ असूनही त्याला गेलं नसेल. माझे कान ती ओळखते.

"ओंजळीतलं सोड म्हनले हुते रे मी. तळ्यातलं न्हवं."

मग परत कुटायला लागली.

पुंजारामने कोपऱ्यातलं फावडं उचललं, खताच्या रिकाम्या गोण्या काखेत मारल्या आणि माझ्या पुढे निघाला. माझ्या तळ्याकडे, माझा भराव वाचवायला. बैल सोडायचाही विसरला.

वर आल्यावर कापापाशी त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. पण गोण्या तिथेच टाकायच्या, त्याला कुठे पाठवणार? तो दोरीने आत उतरला, गुडघाभर पाण्यात, कागद चाचपत. हात एका जागी थांबला. बोट कापाच्या कडेने नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश. माझ्याकडे बघितलं नाही.

"घूस हाय, शेठ," म्हणाला.

"हं."

"दात लई सरळ हायेत तिचे."

आणि माती भरलेली गोणी मागितली. मी दिली. मग दुसरी. कापावर ताडपत्री, ताडपत्रीवर गोण्या. तो आत, मी काठावर. दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेला होतं. मी सोडलं असतं तर तो त्या निसरड्या कागदावरून वर येऊ शकला नसता. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. दोरी मी धरली होती आणि तो पाठमोरा काम करत होता.

काप झाकला, पण आत गेलेलं पाणी आत आहे. पायथ्याची ओल वाढते आहे. उपाय एकच, तळं उतरवायचं. खालच्या अंगाला सोडता येत नाही. दुसऱ्या अंगाला माझा कांदा आहे, नुकता लावलेला. मोटर चालू केली आणि पाइप कांद्यात टाकला. रोपं डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली. मला काहीच वाटलं नाही, उलट छाती जरा मोकळी झाली. पाणी हातभर उतरलं असेल नसेल आणि सप्लाय गेला.

माळावरचा सप्लाय असाच असतो. घटकेत येतो, नाहीतर संध्याकाळी येतो. पाइपाने आपोआप जेवढं उतरतंय तेवढं परत सुरू झालेला पाऊस भरतोय.

पुंजाराम बाहेर भरावावर बसला आहे, डोक्यावर गोणी घेऊन. मी म्हटलं, आत ये. नको म्हणाला. मी दारात उभा होतो तेव्हा तळ्याकडे तोंड करूनच बोलला, "शेठ, तार वडताना मलापन डुकरंच दिसली हुती."

हे आत्ता कशाला? एवढ्या महिन्यांत बोलला नाही, आणि आज, या वेळी? मला काही उमगलं नाही. मी आत आलो आणि लिहायला बसलो.

भरावातला आवाज इथवर येतो आता. चहा ओढल्यासारखा नाही, धार लागल्यासारखा. आणि त्याच्या खालून, लांबून, चाचीचा ठोका. दोन सावकाश, तिसरा घाईत. आज एवढं पान कोणासाठी कुटते आहे ती? दोन्ही ऐकतो आहे. एक थांबला की दुसऱ्याचं काय ते कळेल.

बाहेरून हाक आली. करण.

पेन टाकून उठलो, दारापर्यंत गेलोसुद्धा. मग तो 'ट' आला.

"करंट आला का, शेठ?"

"नाही अजून," म्हटलं.